पडद्यावर तीन, माइकवर भलतंच

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा बघायला गेलो होतो. मला त्या खेळातलं फार कळतं अशातला भाग नाही. भाचीची टीम उतरली होती आणि ‘मामा, तू तरी ये, घरचं कोणी येत नाही,’ असं तिने दोनदा म्हटलं होतं. सोळा टीम, प्रत्येकीत चौघं, म्हणजे चौसष्ट पोट्टे. त्यात मुली पाच. समोर मोठा पडदा, बाजूला प्रायोजकाच्या फ्लेक्सने झाकलेलं टेबल आणि टेबलामागे हेडफोन लावून बसलेले दोन कास्टर. कास्टर म्हणजे या खेळाचे समालोचक.

चौथ्या मॅचमध्ये भाचीचे तिन्ही सोबती गारद झाले. ती एकटी उरली. दुमजली घर, वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी ती, आणि खाली समोरच्या टीमचे तिघं. पडद्यावर तिचंच दृश्य लावलेलं होतं. तेवढ्यात माइकवरून आलं, ‘अरे दीदी को कोई पानी पिलाओ यार!’ हॉल हसला. हसला म्हटल्यावर दुसऱ्याने धागा उचलला. गेलेल्या तिघांपैकी दीदीची ‘सेटिंग’ कोणासोबत असेल? पहिल्यासोबत की तिसऱ्यासोबत? मग बायकी आवाज काढून एक नक्कल. मग आणखी एक वाक्य, जे मी इथे लिहीत नाही, कारण माझी बहीण हा लेख वाचणार आहे. हे सगळं चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात, किल फीडमध्ये, म्हणजे कोणी कोणाला मारलं त्या यादीत, भाचीचं नाव तीनदा येऊन गेलं. पहिला जिन्यात, दुसरा खिडकीतून, तिसरा ग्रेनेडने. मागच्या रांगेतलं एक पोट्टं ओरडलं, ‘अबे क्लच मारला ना तिनं!’ (क्लच म्हणजे एकटं उरूनही समोरच्या सगळ्यांना गारद करणं.) तेव्हा कुठे कास्टरने मान वर केली.

भाचीच्या कानात गेमचा आवाज होता. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मॅच संपल्यावर ती जवळजवळ पळतच आली. ‘मामा, ऐकलंस का? काय म्हणाले ते?’

गलका फार होता, नीट ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं.

घरचं दुखणं आहे, तेव्हा माझ्या बोलण्यातून त्या हिशेबाने काही वजा करून घ्या. पण माइक काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. अकरा-बारा वर्षं मी कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन केलं. महाल, नंदनवन, उमरेड, काटोल, जिथे मांडव पडेल तिथे. पहिल्याच वर्षी एका जुन्या पंचांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘पडला त्याचं नाव एकदा घे, पाडलं त्याचं दोनदा.’ मी मान डोलावली आणि विसरलो. दोन-तीन वर्षांनी काटोलकडच्या एका सामन्यात जाडजूड बांध्याच्या एका पकडपटूला मी ‘आला, आला, रोडरोलर आला’ म्हणालो. मांडव खदखदला. मला चेव आला. पुढची दहा मिनिटं तो हलला की मी रोडरोलरचं इंजिन चालू करायचो. मध्यंतरानंतर तो उतरलाच नाही. मला वाटलं, गुडघा दुखावला असेल. त्याच्या संघातल्या एकाने नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं की गुडघा ठणठणीत होता. तेव्हा त्या दोन पोट्ट्यांकडे मी बोट दाखवतो आहे ते वरच्या पायरीवर बसून नाही.

आता लगेच कोणी म्हणेल, हा मास्तर आला भाषा सुधारायला. तसं नाही. आम्ही नागपूरकर मायेनेही ‘का बे’ म्हणतो आणि रागानेही ‘का बे’ म्हणतो. फरक सुरात असतो आणि तो समोरच्याला बरोबर कळतो. पुण्याकडच्या पाहुण्यांना आमचं साधं बोलणंही भांडण वाटतं. शुद्धलेखनाच्या वहीतून उचललेल्या भाषेत गोळीबाराचं वर्णन झालं तर ते मला स्वतःला ऐकवणार नाही. कास्टरने घसा फाडावा, ‘अबे तोडलं!’ म्हणावं, हिंदी-मराठीची खिचडी करावी, झोन आणि रोटेशन आणि थर्ड पार्टी हे शब्द आहेत तसेच वापरावेत. रांगडेपणावर माझा आक्षेप असता तर मी या शहरात राहिलो नसतो.

या शहराला तर जाहीर शिव्याशापांची रीतच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे निघतात, सोबत बडग्यांचे पुतळे असतात, आणि सगळा महाल-इतवारीचा भाग ‘घेऊन जा गे मारबत!’ म्हणून गर्जत असतो. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा. बडग्यांवर लिहिलेला मजकूर कुठल्याही समालोचकाला लाजवेल असा असतो. पण बघा, तो सगळा मारा वरच्या दिशेने असतो. सत्तेवर, साथीवर, ज्याने लोकांना छळलं त्याच्यावर. त्याला दिवस ठरलेला, वाट ठरलेली, आणि शेवटी मारबत जाळून सगळे आपापल्या घरी जातात. सतरा वर्षांच्या मुलीची चारशे माणसांसमोर ‘सेटिंग’ काढणं या परंपरेत कुठे बसतं, ते मला कोणी समजावून सांगावं.

माझा मुद्दा सभ्यतेच्याही आधीचा आहे. त्या दोघांनी त्यांचं काम केलं नाही. क्लच चुकवला. एकाने तिघांना मारणं ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना होती आणि ती सांगायला दोन माणसं पैसे देऊन बसवलेली असताना ती सांगितली एका प्रेक्षकाने, मागच्या रांगेतून, माइकशिवाय.

एके काळी बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन आकाशवाणीवरून ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसे. चेंडू कुठे गेला हे आधी सांगावं लागे, बाकीचं नंतर. ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे अशा व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत, पडदा समोर आहे, म्हणून लोकांना वाटतं की वर्णनाची गरज कमी. खरं तर इथे गरज जास्त आहे. चौसष्ट जण एकाच वेळी मैलोन् मैल पसरलेल्या नकाशावर खेळत असतात आणि पडद्यावरचं दृश्य निवडणारा ऑब्झर्व्हर त्यातल्या एकाचंच दृश्य दाखवू शकतो. बाकीचे त्रेसष्ट कुठे आहेत, झोन, म्हणजे नकाशावरचा आकसत जाणारा सुरक्षित भाग, कोणाच्या बाजूने सरकला, तीन डोंगर पलीकडे कोणती टीम गुपचूप बसली आहे, हे ज्याला नकाशा वाचता येतो त्यानेच सांगायचं. क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंमध्ये श्वास घ्यायला, किस्सा सांगायला, पाणी प्यायला वेळ मिळतो. इथे तीस मिनिटांत श्वासाला जागा नसते. अशा कामात ज्याला ‘सेटिंग’वर बोलायला सवड मिळते, तो नकाशा बघत नव्हता एवढंच सिद्ध होतं.

आणि खेळ सोडून खेळणाऱ्याकडे बघण्याची ही सवय फक्त कॉलेजच्या हॉलातली नाही. आपल्याच नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेत खेळून आली आणि तिने जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षक तिच्या खेळाबद्दल सोडून कपड्यांबद्दल, केसांबद्दल, बोलण्याच्या ढबीबद्दल बोलत होते. तेव्हा ती १८ वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये तिने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आणि शहरभर तिच्या स्वागताचे फ्लेक्स लागले. त्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना तिची २०२४ ची तक्रार आठवत होती, देव जाणे. बुद्धिबळाच्या पटावर जिथे आवाज करायलाही मनाई असते, तिथल्या मुलीला हे ऐकावं लागलं. गोळीबाराच्या खेळात, माइक लावून, काय होईल?

‘पण पब्लिकला हेच पाहिजे.’ हा एक युक्तिवाद आहे जो मी उडवून लावणार नाही, कारण तो बऱ्याच अंशी खरा आहे. फेलिक्स लेंगेल, म्हणजे एक्सक्यूसी, हा २०१८ साली ओव्हरवॉच या गोळीबाराच्या गेमच्या व्यावसायिक लीगमध्ये डॅलसच्या संघाकडून खेळायचा. घरच्या स्ट्रीमवर प्रतिस्पर्ध्याबद्दल समलैंगिकतेवरून हिणकस बोलला म्हणून लीगने जानेवारीत २,००० डॉलर दंड आणि चार सामन्यांची बंदी घातली. मार्चमध्ये पुन्हा वागण्यावरून ४,००० डॉलर दंड, पुन्हा चार सामने, आणि संघाने त्याला सोडून दिलं. नियम लेखी होते, शिक्षा झाली, अगदी पुस्तकाबरहुकूम. पुढे काय? २०२३ मध्ये किक या थेट प्रक्षेपणाच्या मंचाने त्याच्याशी जो करार केला तो १० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल अशा बातम्या आल्या. बाजाराने त्याला शिक्षा केली नाही. बाजाराने त्याला हार घातला. तेव्हा ‘असं बोलाल तर करिअर संपेल’ हा धाक पोरांना दाखवण्यात अर्थ नाही. ते आपल्यापेक्षा हुशार आहेत, त्यांना हिशेब येतो.

पण स्वतःच्या चॅनेलवर रात्री अकराला सुपरचॅट, म्हणजे प्रेक्षकांचे पैसे देऊन पाठवलेले संदेश, घेत गप्पा मारणं आणि स्पर्धेच्या टेबलावर बसणं हे दोन वेगळे धंदे आहेत. चॅनेलवर लोक त्याच्यासाठी येतात. नको असेल तर टॅब बंद करतात. स्पर्धेत लोक खेळाडूंसाठी येतात, आणि खेळाडूंना तर टॅब बंद करण्याचीही सोय नसते. गंमत अशी की स्पर्धा भरवणारे पहिल्या धंद्यातली माणसं दुसऱ्या धंद्यात आणून बसवतात, कारण त्यांचे फॉलोअर्स सोबत येतात, आणि मग ती पहिल्या धंद्यासारखं वागली की कपाळाला हात लावतात.

याचा सगळ्यात बोलका दाखला शांघायचा आहे. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर तिथे डोटा-२ या गेमची शांघाय मेजर स्पर्धा सुरू झाली, बक्षिसाची रक्कम ३० लाख डॉलर. सूत्रसंचालनाला जेम्स हार्डिंग, गेमिंगच्या जगातला ‘टूजीडी’. वाह्यात विनोदासाठीच तो ओळखला जायचा. स्पर्धा ऐन रंगात येण्याआधीच त्याला काढलं. डोटा-२ बनवणाऱ्या वाल्व कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी स्वतः रेडिटवर ते जाहीर केलं आणि हार्डिंगसाठी जो इंग्रजी शब्द वापरला त्याचा सभ्यातला सभ्य मराठी अर्थ ‘गाढव’ होतो. (असभ्य भाषेबद्दल माणसाला काढताना स्वतःची भाषा जरा जपावी, हे तेवढ्या मोठ्या कंपनीच्या मालकाला कोणी सांगायचं?) त्याच मजकुरात त्यांनी हेही कबूल केलं की आधीच्या स्पर्धांतही याच्यामुळे अडचणी आल्या होत्या, तरी कंपनीतल्या काहींनी आग्रह धरला म्हणून पुन्हा संधी दिली आणि ती चूक झाली. हार्डिंगचं म्हणणं, मला नेहमीसारखंच करायला सांगितलं होतं. कोण किती खरं ते सोडा. पण ज्याला वाह्यातपणासाठी ओळखता, त्याला त्याच ओळखीवर बोलावता, काय चालेल आणि काय नाही ते आधी कागदावर ठरवत नाही, आणि जगभर प्रक्षेपण सुरू असताना हाकलता, यात गाढव नक्की कोण, हा प्रश्न उरतोच.

हिंगणा रोडवर मला नेमकं हेच दिसलं, फक्त डॉलर वजा करून. संध्याकाळी त्या दोघांपैकी मोठा पोट्टा पार्किंगमध्ये भेटला. मी भांडायच्याच तयारीने गेलो होतो. तो म्हणाला, ‘काका, पब्लिकले हेच पायजे न.’ मग थोडं थांबून म्हणाला की सकाळी नऊपासून तो बसला होता. मधे जेवणाची सुट्टी नाही. दीड हजार रुपये आणि तर्री-पोहे ठरले होते, पोहे मिळाले होते. पडद्यावरचं दृश्यही मधूनमधून त्यांनाच बदलावं लागत होतं, कारण ऑब्झर्व्हर म्हणून नेमलेला विद्यार्थी दुपारी निघून गेला. खेळाडूंची यादी? यादीच नव्हती. गेममधली टोपणनावं तेवढी होती, त्यातली अर्धी वाचता येण्यासारखीही नव्हती. कोणी बोलावलं? चॅनेलवर अठरा हजार सबस्क्रायबर आहेत म्हणून. काय बोलायचं नाही, याबद्दल कोणी काही सांगितलं? तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी लॅटिनमध्ये प्रश्न विचारला होता.

मुलगा वाईट नव्हता. नऊ तास रिकामी जागा भरायची, भरायला माहिती दिलेली नाही, आणि जोडीला बसलेला मित्र. माणूस अशा वेळी घरून आणलेलं तेच बाहेर काढतो. त्याने ते बोलायला नको होतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि त्याची मान खाली गेली. पण आयोजकांपैकी ज्यांना मी भेटलो ते म्हणाले, ‘सर, वो तो कास्टर का पर्सनल मामला है.’ प्रायोजकाचं नाव त्याच टेबलावर चिकटवलेलं होतं, आणि मामला मात्र पर्सनल.

कबड्डीच्या मांडवात माझ्यासमोर कायम एक कागद असायचा. दोन्ही संघांची नावं, पाठीवरचे आकडे, गाव. तो कागद म्हणजे लहान गोष्ट नाही. ज्याचं नाव आणि गाव तुमच्यासमोर लिहिलेलं आहे त्याला ‘रोडरोलर’ म्हणायला जीभ थोडी तरी अडखळते. (माझी अडखळली नाही, ते सांगून झालं आहे.) तसा कागद इथेही हवा. दर दोन मॅचनंतर कास्टर बदलायला हवेत, पैसे कामाच्या तासांवर हवेत, आणि सही करून घ्यायचं एक पान हवं: खेळाडूचं शरीर, घर, जात, धर्म, बाई-पुरुष असणं, यावर शब्द काढायचा नाही, खेळावर वाटेल तेवढी टीका करा. प्रक्षेपण यूट्यूबवर तसंही काही मिनिटं उशिरानेच सोडतात, नाहीतर खेळाडू ते बघून समोरच्याची जागा हेरतील. म्हणजे आवाज कापायला वेळ आयता हातात असतो. कापणारं बोट तेवढं कोणीतरी नेमायचं.

खेळावरची टीका सोडू नका, हे मी मुद्दाम म्हणतो. सगळ्यांची तारीफ करत सुटणारा गुळगुळीत समालोचक मला आणखी नकोसा वाटतो. ‘चुकीच्या वेळी घर सोडलं, म्हणून मेला’ असं रोखठोक सांगणाऱ्याला मी मान देतो. भाचीही देते, अशा टीकेच्या क्लिपा ती जपून ठेवते.

पोलिसांकडे जा, असंही काहींनी सुचवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका यूट्यूब कार्यक्रमातल्या किळसवाण्या प्रश्नावरून पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हा नोंदवला होता, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, महिनाभर टीव्हीला दुसरा विषय नव्हता. दीड हजारात नऊ तास बसलेल्या पोराला ठाण्यात नेलेलं मला पाहायचं नाही. त्यापेक्षा क्रिकेटने समालोचक डीन जोन्सच्या बाबतीत केलं ते बरं होतं. ऑगस्ट २००६, कोलंबोची कसोटी. दक्षिण आफ्रिकेचा मुस्लिम खेळाडू हाशिम आमला याने झेल घेतल्यावर जोन्स त्याला ‘दहशतवादी’ म्हणाला. त्याला वाटलं जाहिराती चालू आहेत. दक्षिण आफ्रिकेत आवाज थेट जात होता. वाहिनीने त्याला लगेच काढलं, त्याने माफी मागितली. काही वर्षांत तो परत कामाला लागला, आणि २०२० मध्ये मुंबईत हृदयविकाराने गेला तेव्हाही आयपीएलच्या समालोचनासाठीच आलेला होता. नोकरी गेली, माणूस संपवला नाही. आणि कारवाई केली ती पगार देणाऱ्याने.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुविध क्रीडास्पर्धांचा भाग मानलं, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पदकं दिली गेली, २०२६ च्या आइची-नागोयातही हा प्रकार आहे. ‘आम्हाला खेळाडू म्हणा’ ही या पोरांची जुनी मागणी कागदावर तरी पूर्ण झाली. माझ्या बहिणीनेही त्यामुळेच भाचीला खेळू दिलं. पदक वगैरे ऐकल्यावर ती थोडी विरघळली.

त्या रात्री भाचीने रेकॉर्डिंग पाहिलं. मला तिचा फोन आला नाही. या खेळात क्लिप म्हणजे बायोडेटा असतो. मोठ्या टीमा निवड करताना आधी क्लिपा मागतात, आणि स्पर्धेच्या पडद्यावरची, कास्टरच्या आवाजातली क्लिप असेल तर तिला वजन जास्त. चार दिवसांनी तिच्या इन्स्टाग्रामवर ती क्लिप दिसली. जिना, खिडकी, ग्रेनेड, बावीस सेकंद. कास्टरांचा आवाज तिने पूर्ण काढून टाकला होता आणि त्या जागी कुठलं तरी गाणं लावलं होतं. बहिणीने ती बघून मला विचारलं, ‘काय रे, यांच्या स्पर्धेत कोणी बोलत नसतं का?’